मोठा डबा

अमेरिकेत आयात मालाची सीमाशुल्काची कागदपत्रे दाखल करणाऱ्या एका कार्यालयात मी काम करतो. ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहे, त्यांनी स्थलांतरानंतर आपल्या मायदेशीच्या लोकांसाठी किराणा दुकान काढले, अनेक वर्षे घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेतला आणि मग स्वतःच कंटेनर मागवू लागले. तिसऱ्या कंटेनरमध्ये मिठाच्या पाण्यातील भाजीचे डबे होते. त्यांतले निम्मे उपाहारगृहांच्या मागणीवरून प्रथमच मोठ्या आकाराचे घेतले होते.

डब्याचे माप आम्ही तीन-तीन आकड्यांत लिहितो. ३००×४०७ म्हणजे व्यास ३ इंच आणि उंची ४ पूर्णांक ७/१६ इंच, कारण शेवटचे दोन आकडे इंचाचे सोळावे भाग असतात. मोठा डबा ६०३×७०० होता. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ४.६पेक्षा अधिक असलेल्या अशा हवाबंद भाजीत बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरतीलच असे नाही. म्हणून डबे दाबाखाली, साधारणतः १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. किती वेळ तापवायचे, ते डब्याच्या मापावर ठरते. कारखान्याने ही प्रक्रिया मापानुसार अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदवायची असते आणि त्या नोंदीचा क्रमांक आम्ही अर्जात भरतो. मी क्रमांक आणि माप दोन्ही मागच्या अर्जातून उचलले. पॅकिंग लिस्टवर मोठे माप स्पष्ट छापलेले होते. जुना अर्ज उघडून त्यातले नग आणि तारखा बदलण्याची पद्धत आमच्या धंद्यात सर्रास चालते. तिला मी आता हलगर्जीपणाच म्हणतो.

तपासणीत माप जुळले नाही. लहान डबे सुटले, मोठे अडकले. कारखान्याकडे विचारणा केल्यावर कळले की मोठ्या डब्याची प्रक्रिया त्यांनी कधी नोंदवलीच नव्हती, आणि तरीही त्यांनी ऑर्डर स्वीकारली होती. याचा राग मला अजून आहे. अखेर तो माल नाकारला गेला. नव्वद दिवसांत परत पाठवणे किंवा नष्ट करणे एवढेच उरले. परतीचे भाडे परवडत नसल्याने कुटुंबाने नष्ट करण्याचा निर्णय घेतला.

हे सांगायला मी दुकानात गेलो. मुलगा चिडला, फक्त एका क्रमांकासाठी एवढा माल जातो का, असे विचारू लागला. दुकान उभे केलेल्या त्याच्या आईने त्याला थांबवले. मोठ्या पातेल्यातला मधला भाग उशिरा शिजतो, एवढे तरी तुला कळायला हवे, असे त्या म्हणाल्या. जी गोष्ट समजवायला मी कागद घेऊन गेलो होतो, ती त्यांनी एका वाक्यात सांगितली.

२०११च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार परदेशी पुरवठादाराची पडताळणी आयातदाराने करायची असते. हे कुटुंब घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेत होते तोवर ते काम त्यांचे नव्हते. स्वतः आयात सुरू करताच ते त्यांच्यावर आले, आणि हे त्यांना नीट समजावून सांगू शकेल असा त्यांच्या ओळखीत मीच होतो. पहिल्या कंटेनरच्या वेळी मी त्यांच्याकडून सह्या घेतल्या, पण कारखान्याकडून काय मागवायचे ते सांगितले नाही.

निघताना त्या मुलाच्या आईने शांतपणे विचारले, "अर्ज भरण्यापूर्वी तुम्ही तो डबा पाहिला होता का?" नमुन्याचा डबा महिनाभर माझ्याच टेबलावर होता. मी "हो" म्हणालो.