आरशावरचा पडदा : आमची वाटचाल

आमच्या क्लासची एक अख्खी भिंत आरशाची आहे आणि तिच्यावर जाड पडदा आहे. नवीन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : डान्स क्लासमधला आरसा झाकून का ठेवलाय? आमची गोष्ट या पडद्यापासूनच सांगावी लागते.

मी लहानपणी नाच शिकले. पावलं चुकत नव्हती, तरी मला मागच्या रांगेत उभं करायचे आणि दर दोन मिनिटांनी हाक यायची, ‘पोट आत!’ त्यानंतर कित्येक वर्षं मी पोट आवळूनच नाचले. पोट आवळलं की श्वास वर छातीत अडकतो आणि श्वास अडकला की हातपाय लाकडासारखे होतात. माझा नाच जड का वाटतो, याचं कारण मला फार उशिरा उमगलं.

पुढे तासाच्या भाड्याने एक हॉल घेतला आणि स्वतःची बॅच सुरू केली. पहिल्या दिवशी चौघीजणी आल्या. भाडं निघायचं तर माणसं हवीत, म्हणून मीही जाहिरातीत ‘नाचता नाचता वजन घटवा’ असंच लिहिलं. दाराशी वजनकाटा ठेवला. माणसं आली, बॅच भरली. त्यात पन्नाशीच्या एक बाई होत्या. तीन महिन्यांत त्या जिना न थांबता चढायला लागल्या होत्या, ताल तर त्यांच्या अंगातच होता. काटा मात्र हलला नव्हता. एका सोमवारी त्यांनी आकडा पाहिला, चपला घातल्या आणि गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, ‘ताई, नाचायला फार आवडायचं हो, पण त्या काट्यावर उभं राहायच्या भीतीने रविवारी रात्री झोप यायची नाही.’

ती भीती माझ्या दारात मीच आणून ठेवली होती. काटा त्याच आठवड्यात काढला, जाहिरातही बदलली. चौकशीचे फोन निम्म्यावर आले. वर्षभर सकाळी दुसरीकडे नोकरी करून मी हॉलचं भाडं भरलं. तो निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं.

पडदा मात्र योगायोगाने आला. हॉलला रंग द्यायचा होता म्हणून मालकांनी आरशावर जुन्या चादरी टाकल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांचे काउंट चुकले. मागच्या रांगेत एक मुलगी होती. तिची नजर सतत आरशात असायची आणि दर आठव्या काउंटला तिचा हात टॉप खाली ओढायला जायचा. इतक्या नेमाने, की ती त्या नाचातलीच एक स्टेप वाटावी. तिसऱ्या दिवशी पूर्ण गाणं झालं आणि हात एकदाही गेला नाही. दोन्ही हात वर होते, पूर्ण ताणलेले. रंगकाम संपलं, चादरी निघाल्या. मी आठवड्याभरात पडदा शिवून घेतला.

यामागे शरीराचं साधं शास्त्र आहे. डोळे मिटूनही बोट नेमकं नाकाच्या शेंड्यावर नेता येतं, कारण स्नायूंमध्ये आणि सांध्यांमध्ये ताण आणि स्थिती टिपणारी संवेदनेंद्रियं असतात. चार्ल्स शेरिंग्टन या शास्त्रज्ञाने 1906 मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिलं. आरशात बघत नाचताना लक्ष ‘मी कशी दिसतेय’ याकडे जातं; आरसा झाकला की टाच कुठे टेकली, वजन कुठल्या पायावर आहे, श्वास कुठपर्यंत उतरला, हे आतून कळायला लागतं. स्टेजवर नाचणाऱ्यांना आरसा लागतोच, त्याबद्दल माझा वाद नाही. आमच्याकडे शनिवारी शेवटची दहा मिनिटं पडदा उघडतो, ज्यांना बघायचं त्यांनी बघावं.

‘स्वतःवर प्रेम करा’ असं मी वर्गात कुणाला सांगत नाही. वर्षानुवर्षं ज्या मांड्यांची लाज वाटली, त्यांच्यावर सांगून प्रेम जडत नाही. त्याच मांड्यांनी एखादी उडी पेलली, की माणूस त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. ते घडेपर्यंत वाट बघायची, एवढंच माझं काम.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट सांगते. आम्ही नाचातून उपचार करत नाही. मॅरियन चेस या अमेरिकी नर्तिकेच्या लक्षात आलं, की तिच्या क्लासमधल्या अनेकांना स्टेजवर जायचंच नाही, तरी ते नाचायला येतात. तिथून तिचं काम 1942 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयापर्यंत पोचलं आणि 1966 मध्ये अमेरिकेत नृत्यातून उपचार करणाऱ्यांची संघटना उभी राहिली. त्या कामाचं शिक्षण वेगळं आहे, ते माझ्याकडे नाही. कुणी खाणंच सोडलंय किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढतंय असं दिसलं, तर मी आधी डॉक्टरांकडे जायला सांगते, आणि ते अगदी आग्रहाने सांगते.

2020 मध्ये हॉल बंद झाला आणि आम्ही ऑनलाइन गेलो. तिथे तर आरसा थेट स्क्रीनवर! अर्ध्याजणी कॅमेरा बंद ठेवायला लागल्या. मग आधी सगळ्यांना स्क्रीनवरचं स्वतःचं चित्र लपवायला शिकवलं, आणि कॅमेरे आपोआप सुरू झाले. त्याच काळात गुडघेदुखीच्या एका काकूंनी खुर्चीत बसून हात आणि खांदे नाचवले. आज आमची खुर्चीवरची बॅच सगळ्यांत आधी भरते.

आता आम्ही दोघी शिकवतो. ‘पोट आत’ हे शब्द आमच्या हॉलमध्ये बंद आहेत. त्याऐवजी ‘श्वास सोडा, तळवे जमिनीत दाबा’ असं म्हणतो. सध्या लाकडी फ्लोअरसाठी पैसे साठवतोय. सिमेंटच्या जमिनीवर उडीचा सगळा दणका गुडघ्यात जातो. खुर्चीच्या बॅचमधल्या दोघींनी यंदा उभं राहून नाचायचं ठरवलंय, त्याआधी फ्लोअर बसायला हवा.