बार्टनसाठी कूलर: सॉकेट ए बांधणी, टप्पा ३

जुना कॉम्प्युटर पुन्हा उभा करतोय. बोर्ड एनफोर्स-२ चिपसेटचा, प्रोसेसर एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+, म्हणजे २००३ चा बार्टन; तो ज्या खोबणीत बसतो ती सॉकेट ए. सॉकेटजवळचे फुगलेले कपॅसिटर बदलून झालेत, पॉवर सप्लाय तपासून झालाय. या टप्प्यात फक्त कूलर.

आधी हिशोब. या बार्टनला १.६५ व्होल्ट लागतात, कमाल उष्णता ६८.३ वॅट आणि डायची (प्रोसेसरवरच्या सिलिकॉन चिपची) कमाल मर्यादा ८५ अंश. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी खोली ३८ अंशांपर्यंत जाते, बंद कॅबिनेटमध्ये त्यावर आणखी ७ धरायचे. झाले ४५. पूर्ण लोडवर ७० च्या आत राहायचं असेल तर हातात उरतात २५ अंश. २५ भागिले ६८.३, म्हणजे दर वॅटला ०.३७ अंश. यापेक्षा जास्त अवरोध (दर वॅटमागे तापमान किती अंश चढतं तो आकडा) असलेला कूलर इथल्या उन्हाळ्यात कमी पडणार. अवरोध ०.५ असेल तर डाय ७९ ला जाऊन बसते आणि धुळीचा एक थर चढला की मर्यादा गाठते. जुन्या चाचण्यांतले आकडे वाचताना खोलीचं तापमान आधी बघा. ते २१ असेल तर आपल्या एप्रिलसाठी सरळ १७ मिळवायचे.

मग मोठा तांब्याचा कूलर का नाही? वजनामुळे. सॉकेट ए साठी एएमडीची शिफारस जास्तीत जास्त ३०० ग्रॅमची. झालमनचा सीएनपीएस ७००० पूर्ण तांब्यात ७७३ ग्रॅम भरतो. तो सॉकेटभोवतीच्या चार भोकांतून बोर्डालाच धरतो, पण उभ्या कॅबिनेटमध्ये तेवढं वजन वीस वर्षं जुन्या बोर्डावर कायम लटकत ठेवणं आम्हाला पटत नाही. बोर्ड आडवा राहणार असेल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच बोर्डांना ही भोकं नसतातच, तेव्हा खरेदीआधी बोर्ड उलटा करून बघा. तांब्याचं वजन किती पटकन चढतं तेही बघा: ६० × ८० × ५ मिमीचा नुसता तळच २१५ ग्रॅम. त्यामुळे निवड ठरली: तांब्याचा ६० × ६० चा तळ (५ मिमी जाडीला साधारण १६० ग्रॅम), त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या, आणि वरून खाली हवा मारणारा पंखा. वरून येणारी हवा सॉकेटशेजारच्या मॉस्फेट (प्रोसेसरला वीज पुरवणारे ट्रान्झिस्टर) आणि कपॅसिटरवरही जाते. बाजूने हवा घेणाऱ्या उभ्या कूलरमध्ये हा फायदा जातो, आणि या बोर्डांना त्याची गरज असते.

क्लिप सॉकेटचे तिन्ही कान धरणारीच घ्या. सॉकेटच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन प्लॅस्टिकचे कान असतात. स्वस्त क्लिप फक्त मधला धरते. प्लॅस्टिक जुनं झालेलं असतं, सगळा ताण एकाच कानावर आला की तो तुटतो आणि भोकं नसलेला बोर्ड तिथेच निकामी होतो.

तळ सपाट आहे का, हे सहा इंची स्टीलच्या पट्टीने उजेडासमोर धरून बघितलं. मध्ये केसाएवढी फट दिसत होती. शिवाजी उद्यमनगरात हे काम होतं, पण सरफेस ग्राइंडिंग सांगू नका. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम चुंबकी चकवर धरत नाहीत, शिवाय मऊ धातूने दगड भरून जातो. मिलिंग मशीनवर फ्लाय कटरने (गोल फिरणारं एकधारी पातं) ०.१ मिमीचा एकच हलका कट मागा. हीटसिंक व्हाइसमध्ये पात्यांवर आवळला तर पात्या वाकतात, म्हणून तळाच्या कडांवरच धरायला सांगा. घरी शेवटचा हात: जाड काचेवर वॉटर पेपर, आधी ४००, मग ८००, मग १०००, पाणी लावून, दर वीस घाशींनंतर हीटसिंक ९० अंशांत फिरवून. आरशासारखी चकाकी आणायची गरज नाही.

आता बसवणं. सर्वात जास्त प्रोसेसर इथेच मरतात.

बार्टनची डाय उघडी असते, वर धातूचं झाकण नाही. चार कोपऱ्यांतल्या फोमच्या गोल गाद्या हीटसिंक समतोल ठेवतात. त्या कडक झाल्या असतील किंवा गळून पडल्या असतील तर डायपेक्षा किंचित उंच, मऊ फोम लावा. तांब्याची शिम (डायभोवती बसणारी पातळ चकती) मात्र नको. ती डायपेक्षा जराशी जरी जाड निघाली तरी हीटसिंक डायला टेकतच नाही.

हीटसिंकच्या तळाला एका बाजूला पायरी असते. ती सॉकेटच्या उंच बाजूवर, जिथे ‘सॉकेट ४६२’ (सॉकेट ए चंच दुसरं नाव) छापलेलं असतं, तिथेच यायला हवी. उलटा बसला तर हीटसिंक तिरका राहतो, डायचा कोपरा उडतो किंवा संपर्क न झाल्यामुळे चालू करताच काही सेकंदांत प्रोसेसर जळतो.

जुना पॅड प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, वीज न वाहणारी. चांदीची पेस्ट नको, कारण डायशेजारी उघडे पूल (धातूचे बारीक जोड) असतात. हीटसिंक सरळ वरून ठेवायचा, डोलवायचा नाही. आधी साधी बाजू अडकवायची, मग स्क्रूड्रायव्हरसाठी खाच असलेली. स्क्रूड्रायव्हर निसटला तर बोर्डाचे ट्रॅक कापतो, म्हणून खाली जाड पुठ्ठा ठेवला. एकदा बसवून परत काढला आणि पेस्टचा ठसा तपासला: डायभर एकसारखा, कडा स्वच्छ. पुसून नवी पेस्ट लावली, मगच वीज दिली.

पंखा ६० ऐवजी ८० मिमीचा, अडॅप्टरवर. त्याच हवेसाठी ६० मिमीच्या पंख्याला कितीतरी जास्त फेरे मारावे लागतात आणि त्याची किंकाळी शेजारच्या खोलीत ऐकू येते. अडॅप्टर शक्यतो उंच घ्या. पंख्याच्या मध्यभागाखाली हवा नसते आणि डाय नेमकी तिथेच असते.

बायोसमध्ये व्होल्टेज १.६५ वरून १.५० केलं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणजे कमाल ६८.३ वॅटची साधारण ५६.४ झाली. १८३३ मेगाहर्ट्झला हा नग तेवढ्यावर स्थिर आहे. प्रत्येक नग असेलच असं नाही, प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण लोड देणारा चाचणी प्रोग्राम) रात्रभर चालवून बघा. खोली ३३ अंश, कॅबिनेट बंद, तासभर प्राइम९५: १.६५ व्होल्टला डायमधला तापमान मोजणारा डायोड ६६ दाखवतो, १.५० ला ६१.

रिकामा असताना तापमान फारसं उतरत नाही. हा कूलरचा दोष नाही. बायोसमध्ये सीपीयू डिस्कनेक्ट (काम नसताना प्रोसेसरला बसपासून तोडून विसावू देणारी सोय) बंद असेल तर विंडोज एक्सपीची विश्रांतीची सूचना प्रोसेसरला खऱ्या अर्थाने विसावू देत नाही. चालू करून बघता येतं, पण एनफोर्स-२ वर त्याने मशीन गोठण्याचे प्रकार होतात, म्हणून सध्या बंदच.

राहिलेलं काम: मागे बाहेर फेकणारा ८० मिमीचा पंखा, पुढच्या जाळीला धुळीची गाळणी. पावसाळ्यात स्टीलची क्लिप गंजते, तिला जूनआधी मशीन ऑइलचा पुसट हात, हीटसिंकपासून लांब धरून.