लुईव्हिलचा ऑर्केस्ट्रा आणि वेताळाची गोष्ट

केंटकी राज्यातल्या आमच्या लुईव्हिलमध्ये १९३७ च्या जानेवारीत ओहायो नदीला महापूर आला. निम्म्याहून जास्त शहर पाण्यात गेलं. आणि त्याच वर्षी शिकागोहून आलेल्या रॉबर्ट व्हिटनी या तिशीतल्या संगीतकाराने इथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आधी रस्ते दुरुस्त करायचे की व्हायोलिनवाले जमवायचे, असं आपल्याकडच्या कुठल्याही नगरसेवकाने विचारलं असतं. इथेही कुणीतरी विचारलं असणारच.

दहाएक वर्षांत ऑर्केस्ट्रा डबघाईला आला. तिकिटं खपावीत म्हणून नावाजलेले एकल वादक बोलवायचे आणि त्यांच्या बिदागीतच गल्ला संपायचा. गावातल्या हौशी नाटक मंडळींनी दरवेळी मुंबईचा नट आणून कर्ज करून घ्यावं, तसलाच प्रकार. तेव्हा चार्ल्स फार्न्सली पुढे आले. १९४८ मध्ये ते शहराचे महापौर झाले. गळ्यात दोरीसारखा टाय, तोंडी कन्फ्यूशियस, असा अवलिया माणूस! त्यांचं म्हणणं सरळ होतं: वादक पन्नासच ठेवा, पाहुण्यांवरचा खर्च थांबवा आणि तो पैसा हयात संगीतकारांना देऊन नव्या रचना करून घ्या. बाख-बेथोव्हेन कुणीही वाजवतं, नवं मात्र पहिल्यांदा लुईव्हिलमध्येच वाजेल. पुढच्याच वर्षी त्यांनी सगळ्या कलासंस्थांसाठी मिळून एकच वर्गणी गोळा करणारा निधी सुरू केला. तो आजही चालू आहे.

मला विचाराल तर ही खरी महापौरकी.

व्हिटनींनी हे मनावर घेतलं. मियो, हिंडेमिथ, व्हिला-लोबोस अशा बड्या मंडळींनी या मध्यम शहरासाठी संगीत लिहिलं. १९५० मध्ये मार्था ग्रॅहॅम इथे येऊन नाचून गेल्या, तेही या ऑर्केस्ट्राने विल्यम शूमनकडून मुद्दाम लिहून घेतलेल्या संगीतावर. १९५३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने ४ लाख डॉलर दिले आणि वर्षाला ४६ नव्या रचना करून घ्यायचं ठरलं. त्या ध्वनिमुद्रित करून 'फर्स्ट एडिशन' या स्वतःच्या नावाने तबकड्याही निघू लागल्या. वर्गणीदारांच्या घरी त्या टपालाने जायच्या.

या खटाटोपातच आपल्या ओळखीची एक गोष्ट इथवर आली. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या पेगी ग्लॅनव्हिल-हिक्स या ऑस्ट्रेलियन संगीतकार बाईंना ऑर्केस्ट्राने ऑपेरा लिहायला सांगितलं. त्यांनी जर्मन लेखक टॉमस मानची कथा निवडली: सीता, तिचा नवरा, त्याचा मित्र, कालीच्या देवळात दोघांनी आपापली उतरवलेली मुंडकी आणि ती परत जोडताना सीतेच्या हातून झालेली अदलाबदल. आता खरा नवरा कुठला? म्हणजे वेताळ पंचविशीच की! 'हयवदन' नाटक पाहिलेल्यांना तर हे सगळं तोंडपाठ असेल. पण गिरीश कर्नाडांच्या कितीतरी आधी, १९५४ च्या एप्रिलमध्ये, भारतीय लोकसुरावटींचा आधार घेतलेला हा इंग्रजी ऑपेरा लुईव्हिलमध्ये रंगमंचावर आला. विक्रम-वेताळ ओहायो नदीच्या काठी पोचले, हे कळल्यापासून मला या गावाचा जरा जास्तच अभिमान वाटतो.

अर्थात, सगळंच सोनं निघालं असं नाही. इलियट कार्टरच्या 'व्हेरिएशन्स'सारख्या काही रचना जगभर वाजतात, पण बऱ्याचशा विस्मृतीत गेल्या. पैशाचं दुखणंही सुटलं नाही. २०१० च्या डिसेंबरात ऑर्केस्ट्राने दिवाळखोरीचा अर्ज केला, पगार आणि वादकांच्या संख्येवरून वाद चिघळला आणि २०११-१२ चा बराचसा हंगाम बुडाला.

२०१४ मध्ये टेडी अब्राम्स संगीत दिग्दर्शक झाले, वय अवघं २७. त्यांनी फार्न्सलींचा धागा पुन्हा उचलला. २०२२ पासून निवडक संगीतकारांना वर्षभर पगार आणि शेल्बी पार्क वस्तीत राहायला घर मिळतं. अट एकच, शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहून लिहायचं. शिवाय राज्य सरकारने ४३ लाख डॉलर देऊन ऑर्केस्ट्राला केंटकीभर फिरायला लावलंय. या दौऱ्याचे कार्यक्रम फुकट असतात.

असाच एक कार्यक्रम आम्ही एका छोट्या गावातल्या शाळेच्या सभागृहात ऐकला. शेजारी टोपी घातलेले शेतकरी आजोबा, मागे कुरकुरणारं बाळ. टिंपनीवाला, म्हणजे ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे वाजवणारा, मधल्या मोकळ्या मात्रांत वाकून, कान पडद्याजवळ नेऊन, पायाने सूर सरकवत होता. तबला शिकलेला माझा नवरा पुढची दहा मिनिटं फक्त त्याच्याकडेच बघत बसला. मध्यंतरात आजोबांनी विचारलं, "तुम्हालाही तो ढोलवालाच आवडला ना?"

ऑफिसातले एक गृहस्थ म्हणतात, त्या पैशात रस्त्यांवरचे खड्डे बुजले असते. बुजले असते, खरंय. मी त्यांना पुढच्या कार्यक्रमाची तारीख पाठवून दिली.

इकडे येणार असाल तर हंगाम साधारण सप्टेंबर ते मे असतो. फक्त मेच्या पहिल्या शनिवारी डर्बी, म्हणजे घोड्यांची मोठी शर्यत असते, त्या आठवड्यात हॉटेलचे भाव विचारू नका; सरळ आमच्याकडे उतरा.