कास पठार: बोटभर मातीवरचा संसार

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर गेलं की कास लागतं. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, सकाळचे सात. ढग अंगावरून जात होते. फुलांकडे वळण्याआधी आम्ही रस्त्याकडेच्या कापलेल्या कडेशी थांबलो, कारण पठाराचं सगळं गणित तिथे उघडं दिसतं. खाली काळा बेसॉल्ट, वर जांभ्याची टोपी आणि तिच्यावर माती कुठे बोटभर, कुठे जेमतेम वीतभर. पावसाळ्याच्या धारा या मातीतला नत्र धुऊन नेतात. मुळं पाण्यात बुडतात आणि पाऊस थांबला की चार दिवसांत माती कोरडी पडते. मोठं झाड इथे तगत नाही, म्हणूनच छोट्यांना ऊन मिळतं.

पायवाटेवर बसून दोन हातांच्या टापूत पाहिलं, तर वेगवेगळ्या वस्त्या दिसल्या. उघड्या कातळावर दगडफूल आणि शेवाळ. साचलेल्या पाण्यात गेंदाची पांढरी बटणं. माती जरा जाड झाली की तेरडा आणि टोपली कारवी. कातळाच्या भेगेत मूळ घालून उभी अंजनी.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ओलसर, पातळ मातीवरच्या सीतेच्या आसवांपाशी. निळं-जांभळं फूल सगळ्यांना दिसतं, पण खरी करामत जमिनीत आहे. या झाडाला खरी मुळं नसतात. चिखलात सूक्ष्म फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून ताणलेला राहतो. एखादा सूक्ष्म जीव तोंडाशी असलेल्या केसाला लागला की झाकण उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सेकंदाच्या हजाराव्या भागात होतं. फुगे पाहण्यासाठी झाड उपटू नका, चित्रात पाहा. दवबिंदू ही दुसरी कीटक खाणारी वनस्पती मात्र दहापट भिंगातून न तोडता पाहता येते: पानावरच्या केसांच्या टोकांवर चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. ते चिलट म्हणजे त्याचा नत्र. शेजारचा पिवळा कवला, ज्याला लोक मिकी माऊस म्हणतात, हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवतो. तो शेंगवर्गातला आहे. त्याच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात आणि बदल्यात साखर घेतात.

टोपली कारवीचा हिशोब आणखी लांबचा. ती साधारण सात वर्षांनी एकदम फुलते. एकाच हंगामात इतकं बी पडतं की खाणाऱ्यांची पोटं भरूनही काही उरतं, असं मानतात.

इथे माती समृद्ध करणं म्हणजे पठार बिघडवणं. उरलेलं अन्न, लघवी, गाडीच्या चाकाबरोबर आलेला चिखल, यांनी नत्र वाढला की उंच गवत जोर धरतं आणि बोटभर उंचीची फुलं सावलीत गुदमरतात. काही वर्षांपूर्वी कुंपण घालून चराई थांबवली, तेव्हाही गवत वाढल्याचं गावकरी सांगू लागले. पुढे कुंपण निघालं. मोजकी चराई इथे कातरीचं काम करते, असं आमचंही मत आहे. पायांखाली दबलेली माती मात्र सहज पूर्ववत होत नाही. तिच्यात पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही.

म्हणून फोटोसाठी वाट सोडू नका. पाय ठेवायचाच झाला, तर उघड्या कातळावरही जपून, कारण दगडफूल फार हळू वाढतं. आणि बुटांचे तळ साताऱ्यातच ब्रशने घासून घ्या. खाचांतल्या मातीबरोबर गाजरगवताचं बी वर चढतं.