अवधाण

परवा अंगणात बाभळीचा काटा टाचेत मोडला. काढला, हळद दाबली, विसरून गेले. आज सकाळी जांघेत सुपारीएवढी गाठ! मी घाबरून मोबाइलवर नको नको ते वाचत बसले, तर आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "अवधाण आलंय. पाय दाखव आधी."

डॉक्टरांनीही आधी पायच बघितला. टाचेत पू झाला होता. काट्याबरोबर शिरलेले जिवाणू लसिकेतून, म्हणजे अंगभर वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवातून, वर निघाले आणि जांघेतल्या गाठीने त्यांना अडवलं. तिथे पांढऱ्या पेशी भराभर वाढतात, म्हणून ती फुगते, ठणकते. अशा ५००-६०० गाठी अंगभर असतात म्हणे! आणि लसिकेला रक्तासारखं ढकलणारं हृदय नाही. आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू तिला पिळून वर चढवतात.

जिवाणू होते म्हणून अँटिबायोटिक मिळालं. विषाणू आपल्याच पेशीत घुसून तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो, त्याच्यावर ते चालत नाही. (गेल्या महिन्यात साध्या सर्दीला हीच गोळी मी हट्टाने मागितली होती. असो.)

१८९७ च्या पुण्यात जांघेत अशी गाठ दिसली असती तर प्लेगच्या संशयाने घरात गोरे सोल्जर शिरले असते. आज फक्त आई शिरलीय, गरम पाण्याची बादली घेऊन.