ट्रेव्हिथिकचे इंजिन आणि बिडाचे रूळ

आगगाडीच्या जन्माची गोष्ट निघाली की स्टीफन्सनचे नाव हमखास घेतले जाते. पण रुळांवरून ओझे ओढून दाखवणाऱ्या पहिल्या वाफेच्या इंजिनाचे श्रेय कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकचे आहे, आणि ते त्याला मोकळेपणाने द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते. जास्त दाबाची वाफ जेम्स वॉटला धोक्याची वाटत असे, त्यामुळे त्याची इंजिने अवजडच राहिली. ट्रेव्हिथिकने नेमका तोच दाब वापरला, वाफ थंड करण्याचे वेगळे पात्र काढून टाकले आणि काम झालेली वाफ धुराड्यात सोडली. तिच्या झोताने हवा खेचली जाऊन भट्टीतला जाळ आणखी भडकत असे. चाकांवर बसण्याइतके इंजिन आटोपशीर झाले ते यामुळेच.

२१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधील पेनिडॅरन येथून या इंजिनाने १० टन लोखंड आणि सुमारे ७० माणसे ९ मैलांहून अधिक अंतर ओढून नेली. वाटेत झाडे तोडावी लागली, दगड हटवावे लागले, तरी सुमारे ४ तासांत मुक्काम गाठला. इंजिन टिकले, बिडाचे ठिसूळ रूळ मात्र त्याच्या वजनाने तुटत राहिले. १८३३ मध्ये डार्टफर्ड येथे ट्रेव्हिथिक निर्धन अवस्थेत वारला आणि त्याच्या अंत्यविधीचा खर्च तो जिथे काम करत होता त्या तेथील कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून केला.