फक्त काही भागांत

शुक्रवार, २१ मार्च २०२५
महाल, नागपूर

राग आलाय, आणि तो भलत्याच माणसावर आलाय. सोमवारी रात्री इथल्या दंगलीत ज्यांनी गाड्या जाळल्या त्यांच्यावर यायला हवा होता. बातम्यांत तेच ते दृश्य दिवसभर फिरवणाऱ्यांवर आला असता तरी चाललं असतं. पण आलाय माझ्या एका विद्यार्थिनीवर, इथिओपियातल्या मेकेलेतल्या, जिथल्या विद्यापीठात मी इंग्रजी शिकवते. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही सुखरूप आहात ना?"

विचारून थांबली असती तर ठीक होतं. खाली यादी जोडली होती.

यादी इंग्रजीत, आणि थेट माझ्याच साच्यातली. पहिल्या सत्रात मी त्यांना कृती सांगणारा परिच्छेद शिकवते. आधी हे करा, मग ते करा, त्यानंतर अमुक, शेवटी तमुक. तिने तोच साचा उचलला. आधी, बँक उघडी आहे तोवर जमतील तितके पैसे काढून घरात ठेवा. मग, वीज आहे तोवर सगळे फोन चार्ज करा. त्यानंतर मीठ, साखर, तेल, काडेपेटी. आईची औषधं एका महिन्याची घेऊ नका, तीन महिन्यांची घ्या. सगळी कागदपत्रं एका पिशवीत घाला, पण ती पिशवी दाराजवळ ठेवू नका. शेवटी, महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा.

एक चूक नाही. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. दहापैकी साडेनऊ दिले असते.

आणि वाचता वाचता माझे कान तापले. अगं, हे नागपूर आहे, असं तोंडातून निघालंच. खोलीत मी एकटी होते म्हणून बरं.

यादीतली प्रत्येक ओळ कुठून आली ते मला माहीत आहे, म्हणून तर जास्त बोचलं. मेकेले ज्या तिग्राय प्रांतात आहे तिथे युद्ध चालू होतं, आणि २०२१च्या उन्हाळ्यानंतर तिथल्या बँका बंद झाल्या त्या दीड वर्ष. खात्यात पैसे, पण हातात नाहीत. फोन बंद, इंटरनेट बंद, वीज कधी असे कधी नसे. विद्यापीठाच्याच आयदर रुग्णालयात इन्सुलिन संपलं होतं. डॉक्टरांना आणि आमच्या प्राध्यापकांना कित्येक महिने पगार नव्हता. दाराजवळच्या पिशवीचं मात्र मी तिला कधी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. तर हे सगळं भोगून, गाळून, वाळवून तिने माझ्यासाठी सहा ओळींत बसवलं. आणि मॅडमना राग आला.

मी लगेच टाइप केलं, काळजी करू नकोस, फक्त काही भागांत आहे. ते खरंच आहे. पोलीस ठाण्यांच्या हद्दींप्रमाणे संचारबंदी आहे, नंदनवन आणि कपिलनगरची काल उठलीसुद्धा. आमची कोतवालीची तेवढी आहे अजून. त्रिमूर्तीनगरातून वहिनी सकाळी तर्री-पोह्यांचा फोटो पाठवते, तिथे काही झालंय असं वाटतच नाही. दोन-चार दिवसांत सगळं सुरळीत होईल. हेही लिहिलं.

तिचं उत्तर मिनिटभरात आलं. "यस मॅडम. आम्हीही सुरुवातीला असंच म्हणायचो."

त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही.

गंमत म्हणजे मी आत्ता इथे आहे तीच मुळात सुरक्षिततेसाठी. गेल्या आठवड्यात तिकडे आधी अदिग्रात गावात गडबड झाली, अदी गुदेम गावात झाली, मग मेकेलेच्या महापौरांच्या कार्यालयापर्यंत प्रकरण आलं. तिग्राय चालवणाऱ्या पक्षातल्या दोन गटांचं भांडण. पण तिथल्या लोकांना अशा भांडणांची पुढची पायरी ठाऊक आहे. बँकांपुढे रांगा लागल्या. वर्गात निम्मी मुलं नव्हती आणि जी होती ती खिडकीतून बाहेर पाहत होती. दादाचा दिवसाला चार वेळा फोन. मी त्याला सांगत होते, अरे, इथे काही नाही, शहर शांत आहे, ते सगळं तिकडे बाहेरच्या गावांत. पण तो ऐकेना. त्याने गूगलवर कुठला तरी त्या युद्धातल्या सहा लाख मृत्यूंचा अंदाज शोधला होता, तो मला वाचून दाखवला, जणू मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. "तू आत्ताच्या आत्ता निघून ये, बाकीचं नंतर बघू." निघाले. विमानात एक जागा रिकामी नव्हती. अदिस अबाबा, मुंबई, नागपूर. घरी पोहोचले तेव्हा धुळवडीचा रंग अंगणातल्या फरशीवरून अजून गेला नव्हता. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. "आता सुटलीस," म्हणाली.

सोमवारी रात्री आम्ही दोघी माजघरात दिवा न लावता बसलो होतो. चिटणीस पार्काकडून आवाज येत होते. त्याचं वर्णन इथे करत नाही, ज्यांना हवंय त्यांनी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून गल्लीच्या तोंडाशी पडलेली एक दुचाकी दिसली. सीट जळून गेली होती, आतली तार तेवढी उरली होती आणि आरशाला बांधलेली लिंबू-मिरची कशी कोण जाणे शाबूत होती. दोन एसआरपीवाले तिच्याशेजारी खुर्च्या टाकून मोबाइल बघत होते.

पुन्हा त्या रागाकडे येते, कारण तो जात नाहीये.

काल मला वाटलं, राग तुलनेचा आहे. कुठे त्यांचं दोन वर्षांचं युद्ध आणि कुठे आमची चार दिवसांची संचारबंदी. तिने दोन्ही एका पारड्यात घातली म्हणून मी चिडले. ऐकायला हे बरं वाटतं, नम्रही वाटतं. पण तसं नाहीये ते. तुलनेनेच चिडले असते तर तिला म्हणाले असते, बाई गं, तुम्ही भोगलं त्यापुढे हे काहीच नाही. मी काय लिहिलं? फक्त काही भागांत. म्हणजे मी त्यांचं मोठेपण सांगत नव्हते, आमच्या शहराची अब्रू सांभाळत होते.

आणि अब्रू तरी शहराची का? माझीच.

तिथे माझं जे काही स्थान आहे ते एवढ्यावरच उभं आहे की मी शांत जागेहून आले. भारतीय शिक्षक इथिओपियात काही नवीन नाहीत. हेले सेलासी सम्राटांच्या काळापासून आपले लोक तिथे गणित-इंग्रजी शिकवत आलेत. बाजारात एखादा म्हातारा अजून थांबवतो आणि त्याला भूगोल शिकवणाऱ्या भारतीय सरांबद्दल सांगतो. पण मी गेले ती युद्ध थांबवणाऱ्या प्रिटोरियाच्या करारानंतर, बंदुका थंडावल्यावर, विमानं पुन्हा सुरू झाल्यावर. कोविडने आणि युद्धाने मिळून या मुलांची शाळा खाल्ली. बारावीच्या वयाला बारावी झालीच नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात मिशा फुटलेले बाप्ये बसतात आणि मला आर्टिकल कधी लावायचं ते विचारतात. मी काळजी करणार, ते करवून घेणार. असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, कोण जाणे. मीच ठरवलं असणार.

इकडे तर त्याच गोष्टीचा मान मिळतो. गेल्या ऑगस्टमध्ये, तिकडच्या पावसाळी सुट्टीत आले होते तेव्हा, धरमपेठेतल्या एका मंडळाने बोलावलं. शाल, श्रीफळ आणि 'युद्धभूमीवर ज्ञानाचा दिवा लावणारी' वगैरे. मी बोलले ते तिथल्या तेरा महिन्यांच्या वर्षाबद्दल आणि घड्याळाबद्दल. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजलेला असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी कुठेच वेळेवर नव्हते. रिक्षाला तिथे 'बजाज'च म्हणतात, हे ऐकून सभागृह खूश झालं. नंतर चहाच्या वेळी एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "थोडं त्या युद्धाचं सांगायला हवं होतं." काय सांगणार? मी पाहिलंच नाही. मी भोगलं ते पाणी. मेकेलेत नळाला पाणी येणं हा उत्सव असतो, पिवळ्या कॅनच्या रांगा लागतात. पण पाण्याच्या टंचाईला शाल मिळत नाही. नाहीतर विदर्भात अर्ध्या बायका शाल पांघरून फिरल्या असत्या.

खरं तर आज सकाळपासून स्वतःची कीव करत बसले होते, आणि कारणंही कमी नाहीत. ज्या कारणासाठी तिकडे गेले ते आता परत उगाळत नाही. पण गेले, आणि आता तिथून पळून इथे, आणि इथे माजघरात कोंडलेली. विद्यापीठ सुट्टीचा पगार देईल की नाही माहीत नाही. पगाराचा जो भाग बिरमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, मिळतो त्याची आधीच माती झालीय. गेल्या जुलैत सरकारने बिर मोकळा सोडला. तोवर डॉलरला सत्तावन्नच्या आसपास होता, काही आठवड्यांत शंभरापार. दादा म्हणतो, "आता पुरे, इथेच एखादं कॉलेज बघ." कॉलेजं. तासिका तत्त्वावर. या वयात. वहिनी काही म्हणत नाही, फक्त पोह्यांचा फोटो पाठवते.

तर अशी तोंड पाडून बसले असताना आई आली. "काय वाचून राहिलीस मघापासून? कोण आहे ती?"

मी तिला यादी मराठीत वाचून दाखवली. मला वाटलं, हिलाही लागेल. आई चष्म्यावरून बघत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"पोरगी हुशार आहे," म्हणाली. "काडेपेटी मी विसरलेच होते."

बाकी सगळं तिने केलेलंच होतं. मंगळवारी सकाळी मी गच्चीवर जळकी दुचाकी पाहत होते तेव्हा आईने शेजारच्या काकूंकडून भिंतीवरून कांदे-बटाटे घेतले होते. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन जास्तीच्या स्ट्रिप तिच्याकडे कायम असतात. नंबर तर तिच्या कॅलेंडरच्या मागे पेनने लिहिलेले आहेत, गॅसवाल्यापासून दादाच्या ऑफिसपर्यंत. हे ती कुठे शिकली विचारलं, तर म्हणे ब्याण्णवला. डिसेंबरात. "तू लहान होतीस, तुला झोपवून ठेवलं होतं." मला यातलं काही आठवत नाही. झोपवून ठेवलं होतं म्हणजे काय, तेही मी विचारलं नाही.

मग ती माझ्या शेजारी बसलीच. "लिही तिला. म्हणावं, मीठ-साखर ठीक आहे, पण चूल न पेटवता खाता येईल असं काही ठेवलं पाहिजे. फुटाणे, मुरमुरे. आणि सातूचं पीठ."

लिहिलं. सातूचं पीठ म्हणजे धान्य भाजून दळलेलं, पाण्यात कालवायचं, असं समजावून. लगेच उत्तर. त्यांच्याकडे भाजलेलं जव असतं, कोलो म्हणतात, मूठभर खिशात टाकून माणसं दिवस काढतात. आणि भाजलेल्या जवाचं पीठ असतं, बेसो, तेही पाण्यातच कालवतात. ती म्हणाली, मॅडम, त्या दिवसांत आम्ही बेसोवरच होतो.

मी हे आईला सांगितलं. "मग!" आई म्हणाली, जणू हे आधीच ठरलेलं होतं.

आता गेला तासभर त्या दोघींचं चाललंय. मी मध्ये दुभाषी. माझ्याबद्दल कुणी काही विचारत नाही. आई विचारते, बेसोत गूळ घालता का. ती म्हणते, मध किंवा साखर. कधी बर्बरे, म्हणजे त्यांचं तिखट.

"सातूत तिखट?"

आणि सध्या उपासाचे दिवस आहेत म्हणून त्यात लोणी चालत नाही, तेल घालतात, अशी तिने भर घातली. ईस्टरच्या आधीचे पंचावन्न दिवस तिकडे दूध, तूप, मांस सगळं बंद असतं. माझ्यासारख्या शाकाहारी माणसाची चंगळ असते.

"उपासाला तूप चालत नाही आणि तेल चालतं?" आईचा यावर विश्वासच बसेना. तू मराठीत काहीतरी चुकीचं सांगते आहेस, म्हणाली. मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि डब्यातलं सातूचं पीठ वाटीत काढून घेऊन आली. मला म्हणाली, फोटो काढ, आधी तिला दाखव आणि विचार, त्यांचं पीठ एवढंच बारीक असतं का, आणि तेल किती घालायचं ते चमच्याच्या मापात सांग म्हणावं.